सुभेदारांची नसलेली गाडी

एप्रिल महिन्यात आटपाडीकडच्या ओढ्याला पाणी असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं. त्या भागातला माणूस ओढा म्हणजे वाळूचा रस्ताच समजतो. त्यातून बैलगाड्या जातात, मेंढरं जातात, लग्नाची वऱ्हाडं जातात. तेव्हा सुभेदारांनी त्या शनिवारी मोटरसायकल सरळ पाण्यात घातली आणि ती बुडाली, यात त्यांची चूक निम्मीच धरावी लागेल. उरलेली निम्मी म्हणजे मी ओरडत असताना त्यांनी स्टार्टर दाबला ती. तेवढी मी सोडलेली नाही.

पण आधी गाडी कुणाची ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

माझं रहिमतपुरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. आठवडाभर मी शेजारच्या सीटवर बसते, पायाखाली जादा ब्रेक असतो, आणि लोक ज्या वेगानं उसाच्या ट्रॉलीवर जायला निघतात त्या वेगानं तो दाबते. रविवारी मला शेजारी कुणी नको असतं. म्हणून मी मोटरसायकल काढते आणि डांबर सोडून माळावर जाते. गाडी जुनी, उंच, हलकी आहे, टायर बटणांसारख्या जाड गुठळ्यांचे आहेत. नवऱ्याला यात रस नाही, त्याला पाठदुखी आहे. लोकांनी सुरुवातीला वर्षभर बघून घेतलं, नंतर कंटाळले.

सुभेदार माझ्याकडे जड वाहनं शिकवतात. सैन्यात ट्रक चालवण्यात त्यांची उमर गेली. शिकवतात उत्तम, ऐकतात मात्र कुणाचंच नाही. मला ‘मॅडम’ म्हणतात आणि ‘मॅडम’च्या पुढे नेहमी आज्ञाच येते. त्यांचा मुलगाही सैन्यात आहे, तिकडे उत्तरेत. दोन वर्षांपूर्वी रजेवर आला तेव्हा त्यानं साठवलेल्या पैशातून ही माळावर, दगडधोंड्यांत चालवायची उंच मोटरसायकल घेतली. घरासमोर आणून उभी केली, तिला हळदकुंकू लागलं, आणि सुभेदारांनी सगळ्या भावकीदेखत विचारलं, “ही गाडी हाय का टोळ? ह्याच्यापरीस म्हैस आणली असतीस तर दूध तरी दिलं असतं.” पोरानं गाडीवर ताडपत्री घातली, “आठवड्यातनं एकदा चालू तेवढी करा,” म्हणाला आणि रजा संपल्यावर गेला, तो नंतर दोन वर्षं आलाच नाही.

सुभेदारांनी गाडी पहिल्या आठवड्यात अंगणात चालू केली. दुसऱ्या आठवड्यात गल्लीच्या टोकापर्यंत नेली. तिसऱ्या आठवड्यात ते तिच्यावरून माझ्याकडे कामाला आले, आणि चौथ्या रविवारी मी माळावर निघाले तर कोपऱ्यावर हेल्मेट घालून उभे. तेव्हापासून दर रविवारी.

या गाडीला शोरूमनं साडीगार्ड लावून दिलं होतं. कायद्यानं लावावंच लागतं. माळावर जाणारे लोक पहिल्या दिवशीच ते काढून माळ्यावर टाकतात, कारण ती मागच्या चाकाशेजारची लोखंडी जाळी कुठंही अडकते. सुभेदारांनी ते काढलं नाही. उलट त्याला वर दुधाच्या किटलीसाठी आकडा वेल्ड करून घेतला. रविवारी माळ, आणि बाकीचे सहा दिवस डेअरी. बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, बाजारात न्यायचं असलं की त्या घराच्या ओट्यावर उभ्या राहतात, गाडी ओट्याला लावली जाते, आणि त्या एका बाजूनं बसतात, हत्तीवर बसल्यासारख्या. मी त्यांना अनेकदा सांगितलं, “सुभेदार, ते गार्ड काढा. एखाद्या दिवशी दगडात बसेल.”

“मॅडम, कंपनीनं दिलंय म्हंजे इचार करूनच दिलंय,” ते म्हणायचे.

आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट. रविवारी संध्याकाळी माळावरून आलो की आम्ही स्कूलच्या आवारात गाड्या धुतो, आणि नेमका त्याच वेळी मुलाचा फोन यायचा. सुभेदार एका हातात पाण्याचा पाइप आणि दुसऱ्या हातात फोन धरून बोलायचे. मिशांवर अजून माळाची धूळ असायची. पाइप त्याच गाडीच्या चाकावर असायचा. आणि म्हणायचे, “नुसती धूळ खात पडलीया. टायर बसलं असतील. मी म्हणतो इकून टाक.”

दोन वर्षं दर रविवारी ‘इकून टाक’. मी एकदा विचारलं, “असं का सांगता?” तर म्हणाले, “मग काय सांगू? म्हातारपणी बाप टोळावर बसून नाचतोय म्हणून?”

मार्चमध्ये एका रविवारी फोन आला. पाणी चालू होतं. सुभेदारांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. पलीकडून मुलगा काहीतरी बोलला. पाइप माझ्या पायांवर आला आणि तिथंच राहिला. मी पाय काढून घेतले, नळ बंद केला आणि विचारलं, “काय झालं?”

“इकतो म्हणतोय.”

“मग?”

“मग काय. मीच म्हणत हुतो न्हवं.”

मुलानं कराडचं गिऱ्हाईक बघितलं होतं. एप्रिलात एका रविवारी तो रजेवर येणार, आणि सोमवारी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार, असं ठरलं. सुभेदारांनी ते टाळायला करायचं होतं ते एवढंच: फोन उचलायचा आणि म्हणायचं, ‘नको विकू, मी वापरतो.’ चार शब्द. मी त्यांना हे मार्चभर सांगत होते. ट्रकचा गिअर शिकवताना तोंडानं जे शब्द वापरतात, त्याच्या मानानं हे चार शब्द फारच सोपे होते. पण नाही. ते दाराच्या चौकटीकडे बघत म्हणायचे, “आता त्यानं ठरवलंय म्हणल्यावर आपण मधी पडायचं न्हाई.”

मधे पडायचं नाही. गाडीवर बसून मात्र सगळीकडे पडायचं.

मुलगा रविवारी येणार, म्हणून त्या आठवड्यात आम्ही शनिवारीच निघालो. सुभेदारांनी ‘शेवटची फेरी’ असा शब्द उच्चारला नाही, पण सकाळी टाकी काठोकाठ भरली, साखळीला तेल घातलं आणि आटपाडीकडे जायचं म्हणाले. आटपाडीजवळ त्यांचं आजोळ. वाटेत विट्याला त्यांचा मामेभाऊ आम्हाला मिळाला. त्या बाजूची बरीच माणसं परमुलखात सोनं गाळायची, म्हणजे वितळवून शुद्ध करायची, दुकानं चालवतात, तसं त्याचंही दक्षिणेत कुठंतरी दुकान आहे. उन्हाळ्यात लग्नं आणि जत्रा गाठायला गावी येतो. त्याला सगळे शेठ म्हणतात, मीही म्हणते. शेठनं या छंदासाठी मिळेल ते सगळं सामान विकत घेतलं आहे. गुडघ्याला कवच, कोपराला कवच, छातीला कवच, आणि हेल्मेटवर कॅमेरा. चालवायला तेवढं यायचं बाकी आहे. शेठ चालत्या गाडीवरून कधी पडत नाही. तो उभ्या गाडीवरून पडतो. गाडी थांबवतो, पाय टेकवायला जातो, जमीन त्याला वाटली त्याहून खाली असते.

विट्यातून बाहेर पडून आम्ही डांबर सोडलं. पवनचक्क्यांची लांबलचक पाती वर न्यायला डोंगरावर कच्चे रस्ते काढले होते, ते आता आम्हाला उपयोगी पडतात. खडी, मुरूम, मधूनच पाण्यानं खाल्लेली घळ. मी मधे, सुभेदार पुढे, शेठ मागे. चढावर सुभेदारांचं साडीगार्ड आणि किटलीचा आकडा यांचा खडखडाट पवनचक्कीच्या आवाजापेक्षा मोठा होता. पहिल्या तासात शेठ दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा सुभेदार मागे वळून आले आणि म्हणाले, “शेठ, गाडी इकत घेतलीस तशी जमीनबी जरा वर उचलून घे.”

“तू बोलू नगंस,” शेठ खालूनच म्हणाला. “माझी गाडी माझ्या नावाव हाय. तुजी परवा कराडला चालली.”

सुभेदारांनी हेल्मेटची काच खाली केली आणि असे सुटले की उतारावर मला त्यांची धूळच फक्त दिसत होती. माळाच्या खाली ओढा होता. मी पोचले तेव्हा ते काठावर थांबलेले होते, आणि ओढ्यात पाणी होतं.

चांगलं वाहतं, गढूळ पाणी. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं होतं आणि ते पाणी ओढ्यात सोडून खालचे बंधारे भरून घेतात. आटपाडीकडे पाणी आलं हे आम्ही बातम्यांत वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. पाण्याच्या कडेला एक बाई खडकावर वाकळ, म्हणजे जाड गोधडी, आपटून धूत होती. तिच्या बाजूला वाळत घातलेल्या वाकळांची रांग होती. तिनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि धुणं चालू ठेवलं.

“सुभेदार, थांबा. मी काठी घेऊन चालत बघते किती खोल आहे ते,” मी म्हटलं.

“मॅडम, ह्यो माझ्या आजोळचा ओढा हाय. ल्हानपणी हितं गोट्या खेळलोय आमी. गुडघाभर बी नसंल.”

“तेव्हा पाणी नव्हतं.”

“तळ तर तोच हाय न्हवं?” ते म्हणाले. “मी बर्फातनं ट्रक काढल्यात.” आणि घातली.

तळ तो नव्हता. वाळू उपसणाऱ्यांनी बरोबर वाटेच्या मधोमध खड्डा करून ठेवला होता. पुढचं चाक गेलं, मग हँडल गेलं, आणि इंजिननं एक घोट पाणी पिऊन आवाज बंद केला. सुभेदार कमरेच्या वर पाण्यात उभे होते. गाडी आडवी झाली होती, तिचा एक आरसा आणि हँडलचं टोक तेवढं वर होतं.

बाईनं आता धुणं थांबवलं. “आवं, तितं खड्डा हाय,” ती म्हणाली.

“आधी नाही का सांगायचं, ताई?” मी विचारलं.

“इचारलं का कुणी? मी म्हणलं ठावं असंल. आजोळ हाय म्हणत हुतं की.”

मागून शेठ पोचला, थांबला आणि पडला.

त्याला उचलून, त्याचं चिलखत उतरवून आम्ही दोघंही पाण्यात उतरलो. गाडी हलेना. ते दोघं हँडलला आणि मी मागून, तरी हलेना. मी पाण्यात हात घालून चाचपलं आणि मला जे दोन वर्षं माहीत होतं ते हाताला लागलं. साडीगार्ड एका दगडाच्या फटीत बसलं होतं, खुंटीसारखं. पुढे ओढलं की जास्तच बसत होतं.

“काय अडाकलंय?” सुभेदारांनी विचारलं.

“कंपनीनं विचार करून दिलेलं,” मी म्हटलं.

माझ्या गाडीच्या पिशवीत पान्यांचा संच असतो. त्यातला बरोबर मापाचा पाना काढून मी पाण्याखाली, न बघता, दोन बोल्ट सोडवले. तिसरा गंजला होता. सुभेदार वरून सूचना करत होते: उजवीकडं फिरवा, न्हाई, डावीकडं, दाबून. मी म्हटलं, “तुम्ही सोडवता का?” तर म्हणाले, “न्हाई, तुमचं बरूबर चाललंय.” तिसरा बोल्ट सुटला तो पाना घेऊनच सुटला. पाना गेला वाहून. चांगला पाना होता.

शेठकडे ओढायचा पट्टा होता, महागातला, आणि तो विट्यात कपाटात होता, पाकिटात, न फोडलेला. बाईनं तिच्या वस्तीवरून बैलाचा कासरा आणून दिला, तो गाडीला बांधून आम्ही दिवसाढवळ्या बैलांसारखी ती ओढली. ती काठावरून बघत होती. “धुवायचीच हुती तर वरल्या अंगाला तरी धुवायची,” ती म्हणाली, “माज्या वाकळंला सगळं त्याल आलं.” खरंच आलं होतं.

गाडी काठावर उभी राहिली. सगळीकडून पाणी गळत होतं. या वेळी एकच गोष्ट करायची नसते. इंजिनात पाणी असताना स्टार्टर दाबायचा नसतो, कारण पाणी दाबलं जात नाही, आतलंच काहीतरी मोडतं. हे मी शिकाऊ पोरींनासुद्धा सांगते. मी पिशवीकडे वळता वळता ओरडले, “स्टार्टर दाबू नका. आधी प्लग काढायचाय.” पुन्हा ओरडले. सुभेदारांचा अंगठा आधीच बटणावर होता. सैन्यात बंद पडलेली गाडी पहिल्यांदा चालू करून बघतात म्हणे. खट्ट असा एक आवाज आला आणि पुढे काहीच आलं नाही.

मी पान्यांची पिशवी खाली ठेवली. शेठनं हेल्मेटच्या कॅमेऱ्याचं बटण हळूच बंद केलं.

प्लग काढायला टाकी उचलावी लागली. प्लग काढून चाक हातानं फिरवलं तर त्या भोकातून कारंजं उडालं, शेठच्या तोंडावर. तेलाच्या काचेतून बघितलं तर आत तेल नव्हतं, पाणी मिसळून ताक झालं होतं. गाडी तिथून चालून घरी जाणार नव्हती, हे मला कळलं आणि त्यांनाही कळलं. दुसऱ्या दिवशी मुलगा येणार होता, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक.

शेठ आटपाडीच्या रस्त्याला एखादं पिकअप मिळतंय का बघायला गेला. आम्ही दोघं बाभळीखाली बसलो. बाभळीची सावली असते तशीच होती, म्हणजे नव्हतीच. सुभेदार गाडीकडे बघत होते. मी बूट उलटे करून पाणी काढलं आणि पुन्हा सांगितलं, “आता तरी फोन करा. सांगा, मी वापरत होतो, ओढ्यात पडली, विकू नको.”

“मॅडम, आता कुठल्या तोंडानं सांगू? आधी म्हणलं असतं तर येगळं. आता गाडी बुडिवली आन् वर म्हणायचं दिऊ नगंस.”

“आधी म्हटलं नाहीत.”

“न्हाई म्हणलं.”

“मग आता म्हणा.”

“त्यानं ती माज्याकडं ठेवाय दिल्ती,” ते म्हणाले. “चालवाय न्हाई.” मग जरा वेळानं, “तो ल्हान हुता तवा मी कवा घरी न्हवतो. त्याला मी कायबी दिलं न्हाई हातनं. आन् आता त्याची वस्तू मागायची. ही काय रीत झाली?”

मला यावर बोलण्यासारखं काही सुचलं नाही, आणि सुचलं नाही की मला राग येतो. मी म्हटलं, “रीत राहू दे. तुम्ही दोन वर्षं मागितल्याशिवायच वापरलीत.”

तेवढ्यात शेठ पिकअप घेऊन आला. आटपाडीच्या बाजारातून परत निघालेलं, आत न विकलेले दोन बोकड. शेठनं आमचं शेवटचं वाक्य ऐकलं असावं. तो गाडीला कासरा बांधता बांधता म्हणाला, “ताई, तुमी लय तोंड शिणवू नगा. ह्यो लग्नाच्या येळंलाबी बोलला न्हवता. पोरगी पसंत हाय का म्हणून सगळ्यांनी इचारलं, ह्यो बसला छताकडं बघत. शेवटाला माझ्या आत्यानंच, म्हंजे ह्याच्या आईनं, व्हय म्हणून सांगितलं.”

“आन् पसंत न्हवती का मग?” सुभेदारांनी विचारलं.

“हुती की. म्हणून तर म्हणतो.”

सुभेदार मागे, गाडी धरून, बोकडांबरोबर बसले. मी माझी गाडी घेऊन पिकअपच्या मागून येत होते. विट्यापर्यंत मला समोर तेच दिसत होतं: एक हात हँडलवर, दुसऱ्या हातानं बोकडाला सीट खाण्यापासून ढकलतायत. विट्यात शेठ आपली गाडी घराकडे घेतो म्हणाला आणि वळला. गाडी रहिमतपुरात माझ्या आवारात टाकली, कारण सुभेदारांना ती तशी घरी न्यायची नव्हती.

रविवारी सकाळी मी तेल काढलं, फिल्टर धुऊन वाळत घातला, आणि आमच्या नेहमीच्या मिस्तरींना बोलावून घेतलं. मिस्तरींनी सगळं ऐकलं, इंजिन हातानं फिरवलं, आणि आतलं काही मोडलेलं नसावं असं म्हणून चहाला गेले. ‘नसावं’ हा मिस्तरी लोकांचा आवडता शब्द आहे. शनिवारचा क्लास रविवारी ठेवला होता, त्याला एक शिकाऊ बाई आलेल्या होत्या, त्यांना म्हटलं बसा जरा गाडीत, आरसे लावून घ्या. सुभेदार पाने पुसत होते. पुसलेलेच परत पुसत होते. एवढ्यात फाटकातून त्यांचा मुलगा आत आला. खांद्यावर हिरवी पिशवी तशीच होती. घरी गेला, गाडी माझ्याकडे आहे एवढंच वहिनींकडून कळलं आणि सरळ इकडेच आला.

त्यानं वडिलांच्या पाया पडून घेतलं, मला नमस्कार केला, आणि गाडीकडे बघितलं. टाकी बाजूला, सीट बाजूला, साखळीत शेवाळ. त्यानं बोटानं शेवाळ काढून बघितलं.

“काय झालं हिला?”

मी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदारांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “मॅडमनी नेल्ती. वड्यात पडली.”

मी बरीच वर्षं लोकांना गाडी शिकवते, त्यामुळे मला राग लवकर येतो पण धक्का क्वचित बसतो. तो त्या दिवशी बसला.

मुलगा माझ्याकडे वळला. मला वाटलं हा आता काहीतरी बोलेल, आणि मग मी बोलेन. पण तो भला पोरगा निघाला. म्हणाला, “लागलं न्हाई न्हवं मॅडम तुमाला? गाडीचं काय न्हाई. तुमी चालवत असाल तर ठेवा तुमच्याकडं. आबा म्हणायचं पडून हाय, म्हणून इकायला काढली. वापरात असंल तर मी त्या माणसाला न्हाई म्हणून सांगतो.”

सुभेदारांनी मान वर केली. मला त्यांच्या तोंडावर दिसलं की त्यांना आता वाट सापडली होती. मी ‘बरं’ म्हटलं असतं तर गाडी माझ्या नावानं माझ्या आवारात राहिली असती, ते दर रविवारी तिच्यावर बसले असते, आणि फोनवर मुलाला सांगत राहिले असते की मॅडम वापरतात. मरेपर्यंत.

“मला नको,” मी म्हटलं. “मला गाडी आहे. सोमवारी त्या माणसाला देऊन टाक.”

मुलाला हे जरा तुसडं वाटलं असावं. तो म्हणाला, “बरं,” आणि खिशातून फोन काढला. गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतं की गाडी उघडलेली आहे, जरा उशिरा ये. तो नंबर शोधत होता. सुभेदार हातातल्या फडक्याची घडी घालत होते, मोडत होते. शिकाऊ बाईंनी गाडीत चुकून हॉर्न वाजवला. कुणी तिकडे बघितलं नाही.

“कुणाला लावतुयास?” सुभेदारांनी विचारलं.

“त्या कराडच्याला.”

“न्हाई म्हण त्याला.”

“का?”

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मी फिल्टर उलटा करून बघत होते; तो दोन्हीकडून सारखाच होता.

“मला लागती,” ते म्हणाले.

“कशाला?”

“चालवायला.”

मुलानं फोन खाली घेतला. “कवापास्नं?”

“तू ठेवून गेल्तास तवापास्नं.”

“आन् वड्यात?”

“मीच.”

मुलानं पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. “मग दर रविवारी फोनवर ‘इक, इक’ म्हणून कोण बोंबलत हुतं? मी तिकडं पोरांना सांगितलं आमच्या आबाला गाडीचा राग हाय. तुमच्यामुळं इकाय निघालो मी. मला काय हौस हुती का इकायची?”

“बोलायचं असतंय तसं,” सुभेदार म्हणाले.

“का?”

सुभेदार वाकून साखळीतलं शेवाळ काढायला लागले. मुलानं कराडच्या माणसाला फोन लावला आणि आवारात येरझाऱ्या घालत बोलला. गाडी द्यायची न्हाई. बिघडलीया म्हणून न्हाई. वडील वापरतात. न्हाई, सुभेदार हायत, रिटायर. व्हय, तेच वापरतात. पलीकडचा माणूस हसला असावा, कारण मुलानं “त्यात हसण्यासारखं काय हाय?” असं विचारून फोन बंद केला.

त्यानंतर दोघांनी मिळून इंजिन जोडायला घेतलं, आणि तेल किती ओतायचं यावरून पहिल्याच मिनिटाला भांडण सुरू झालं. मुलगा पुस्तिकेत लिहिलंय ते सांगत होता, सुभेदार ट्रकमध्ये किती घालत ते सांगत होते. मला मधे घ्यायला बघत होते. मी म्हटलं, मला क्लास आहे. सुभेदार म्हणाले, “मॅडम, ते फिल्टर उनात नगं, सावलीत वाळवा.” मी फिल्टर त्यांच्या मुलाच्या हातात दिला आणि शिकाऊ गाडीकडे गेले. बाई तोवर दोन्ही आरसे आपल्या तोंडाकडे लावून बसल्या होत्या.

संध्याकाळी परत आले तेव्हा गाडी आवारात नव्हती, म्हणजे चालू झाली असणार. मला कुणी कळवलं नव्हतं. पाने सगळे खोक्यात होते, पण मापाप्रमाणे नव्हते, कसेही. मी ते परत नीट लावले.